मान हलवू नका

—नाही, उठू नका हो, आत्ता तर टोचलंय. भूल चढायला जरा वेळ लागतो, तेवढं निवांत पडा. डावीकडचा ओठ जड होईल, मग अर्धी जीभ जाईल — जाईल म्हणजे राहील जागच्या जागी, फक्त तुमची वाटणार नाही. तर मी काय म्हणत होतो, रविवारी दुपारी तुम्हीच ना ते? चौकातल्या जुन्या थिएटरात, त्या स्वप्नांच्या सिनेमाला? हो ना? बघा! मी मघाशी मावशींना म्हटलं, ह्या गृहस्थांना मी कुठेतरी बघितलंय, तर मावशी म्हणाल्या, डॉक्टर, तुम्ही सगळ्यांनाच कुठेतरी बघितलेलं असतं. आमच्या मावशी अशा! पण मी चेहऱ्यावरून नाही ओळखलं तुम्हाला, चेहरा मला दिसला कुठे — तुम्ही दारातून खुर्चीकडे चालत आलात, मागून डोकं दिसलं, दोन भोवरे, आणि म्हटलं, हेच ते. सबंध सिनेमाभर हे डोकं माझ्यासमोर होतं. अहो, अख्खं थिएटर रिकामं, माणसं दोन, एक तुम्ही आणि एक मी, आणि मी नेमका तुमच्याच मागे — मुद्दाम नव्हे, माझी ती ठरलेली जागा आहे, दाराजवळची, तिथून पटकन बाहेर पडता येतं. का पडायचं असतं ते सांगतो नंतर. आमची आई म्हणायची, दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात. तुमची झाली का? — हसू नका, हसू नका, गाल हलतो. मला एकच भोवरा आहे, आरशात खात्री करून घेतलीये, आणि लग्नही एकच, तेसुद्धा — बरं, ते जाऊ दे. आ करा. इथे लागतंय? इथे? काही नाही ना? छान.

खरं सांगा, कसा वाटला तुम्हाला सिनेमा? — नको, नको, सांगू नका, मीच सांगतो, तुम्ही फक्त आ करून ठेवा. मोठा. अजून मोठा. वाईट होता! इतका वाईट, की वाईट म्हणायलासुद्धा अंगात बळ राहिलं नाही. पोस्टर किती सुंदर केलं होतं हो! निळं, धूसर, मधे ती मुलगी पाठमोरी. वाटलं, चला, काहीतरी वेगळं असेल. आणि आत काय? ती पोरगी उशीच्या अभ्र्यात शिरते. आख्खी! पंधरा-सोळा वर्षांची घोडी, अभ्र्यात शिरते आणि पलीकडे स्वप्नांचं राज्य. बरं, शिरली तर शिरली, पुढे काही घडावं ना? तर नाही. बटणांचा पाऊस पडतो. छत्र्या पोहतात. हरवलेल्या मोज्यांची एक राणी आहे, तिला जोडीदार सापडत नाही म्हणून ती रडते — ते एक मला जरा आवडलं, खोटं कशाला बोलू — आणि तो मासा! बूट घालून भाषण करणारा मासा! त्याला माणसाचे दात दिले होते, बघितलंत का तुम्ही? वरच्या जबड्यात बरोबर मधोमध सुळा! मी दातांचा डॉक्टर, मला पुढचं काही ऐकूच येईना, मी त्या सुळ्याकडे बघत बसलो. एवढे पैसे ओतता, एखाद्या दातवाल्याला विचारायला काय झालं होतं? मावशी, पाणी ओढा. थोडा आवाज होईल आता, घाबरू नका, आवाजच मोठा असतो ह्याचा, बाकी काही नाही.

आणि सगळ्यात राग कसला आला सांगू? स्वप्नात असं नसतंच हो! तुम्हाला कधी स्वप्नात छत्री पोहताना दिसलीये? स्वप्नं कशी असतात — साधी असतात. आपलीच खोली असते, आपलंच टेबल असतं, आणि काहीतरी एवढंसं चुकलेलं असतं, आणि ते चुकलेलं आहे हे कुणाला सांगता येत नाही. मला पडतं ना एक, नेहमीचंच. मी इथेच असतो, ह्या खोलीत. ही खुर्ची, हा दिवा, सगळं असंच. बाहेर बाकावर पेशंट, आणि बाकाच्या टोकाला ती बसलेली, दप्तर मांडीवर घेऊन. मी एकेकाला आत बोलावतो, म्हणतो आता हिचा नंबर, बाहेर डोकावतो, तर ती अजून शेवटीच. जो येतो तो तिच्या अलीकडे बसतो. ती काही बोलत नाही, कुरकुर करत नाही, नुसती बसून असते, आणि मला कुणाला ‘जरा थांबा, आधी तिला घेतो’ म्हणता येत नाही, कारण तोंडात माझ्या कापूस. बस. एवढंच स्वप्न. ह्याच्यावर कोण सिनेमा काढणार? कोण बघणार? — जीभ उजवीकडे घ्या. उजवीकडे. ती तुमची वाटत नाही ना, पण आहे, घ्या.

ती म्हणजे खारू. माझी मुलगी. खारू म्हणजे काही खरं नाव नाही, पुढचे दोन दात असे बाहेर होते लहानपणी, खारीसारखे, म्हणून मीच ठेवलं. दातांच्या डॉक्टरची पोर आणि दात बघा! लोक हसायचे. मग तारा मीच लावल्या तिला. तेव्हा ती आणि तिची आई तिकडे राहायला गेलेल्या होत्या, दुसऱ्या गावाला — इथून सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेला पोचतं माणूस, फार लांब नाही, जवळही नाही. तिकडेही डॉक्टर होते, चांगले होते, पण तिची आई म्हणाली, दातांचं तुम्हीच बघा. भली बाई आहे, मी कधी वाईट बोललो नाही तिच्याबद्दल. तर महिन्यातून एकदा खारू यायची, तार आवळून घ्यायला. ह्याच खुर्चीत बसायची, तुम्ही आहात तिथे. मावशी तिला पेपरमिंट द्यायच्या, मी ओरडायचो, दातांच्या दवाखान्यात पेपरमिंट कसलं देता! तार आवळायला वेळ लागतो असा कितीसा, पण आख्खा दिवस जायचा आमचा, आणि तोंड उघडं असल्यामुळे ती ऐकून घ्यायची सगळं. मी बोलायचो, ती नुसतं आं, ऊं. तुमच्यासारखंच. मग एक दिवस दात सरळ झाले. मीच केले होते, होणारच होते. काढल्या तारा, आरसा हातात दिला, ती हसली — अहो, काय हसली! इतकं सुबक काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही — आणि त्या हसण्याकडे बघताना मला कळलं, की आता हिला इथे यायला काही कारण उरलं नाही. आपणच आपल्या हातांनी संपवलं. कौतुक करावं की रडावं!

थांबा, जरा चूळ भरा. हां, गळणार, ओठ बधिर आहे, गळू द्या, टॉवेल कशाला दिलाय मग. पडा परत. आता आपण हा रबराचा पडदा लावू, म्हणजे दाढ तेवढी वर आणि बाकी तोंड खाली. ह्यात बोलता येत नाही. तसं आधीही कुठे येत होतं! हाहा! — तर मग फोन. फोनवर काय बोलायचं पोरीशी, तुम्ही सांगा. जेवलीस का? जेवले. शाळा? बरी. रात्री दातांचा साचा घालतेस ना? घालते. आई? बरी आहे. ठेवू? ठेव. झालं. मी फोन हातात घेऊन बसायचो, कान गरम व्हायच्या आत बोलणं संपलेलं असायचं. दोघांचीही दातखीळ बसल्यासारखी. आणि एकदा काय झालं, योगायोगाने दोघांनी एकच सिनेमा बघितला. मी आपला वेळ जात नव्हता म्हणून गेलो होतो — मला सिनेमातलं काही कळत नाही, आधीच सांगून ठेवतो — आणि ती तिकडे मैत्रिणीबरोबर गेलेली. कुठला तरी चोर-पोलिसांचा होता. आणि त्या दिवशी आम्ही इतके भांडलो, इतके भांडलो! ती म्हणे चोर बरोबर, मी म्हणे पोलीस बरोबर. फोन तापला, बॅटरी संपली, मी चार्जरला लावून तसाच उभा राहून बोललो. शेवटी तीच म्हणाली, बाबा, आपण दर रविवारी असं करू या का? तू तिकडे बघ, मी इकडे बघते. तोच सिनेमा, त्याच वेळेला. सुटल्याबरोबर फोन.

तेव्हापासून हे चाललंय. सिनेमा ती ठरवते, आठवड्यात कधीतरी कळवते, मी जातो. म्हणून ती दाराजवळची जागा — दिवे लागले की बाहेर, पायऱ्यांवर, आणि फोन. आधी कुणी काही वाचायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, असा नियम. लोकांना वाटतं डॉक्टरांना सिनेमाचं वेड लागलंय उतारवयात. मावशी तर म्हणतात, चला, काहीतरी नाद लागला, बरं झालं. अहो, कसला नाद! निम्म्या वेळी मला कोण कुणाचा कोण हेच कळत नाही. राक्षसांचे बघितले, अंतराळातले बघितले, एक तर सगळा भाज्यांचा होता, बोलणाऱ्या भाज्या. मी बघत असतो तो सिनेमा नसतोच, मी बघत असतो की आत्ता तिकडे तीही हेच बघतेय. ह्या भाजीला ती हसली असेल. इथे ती दचकली असेल. शेजारची खुर्ची रिकामी असते, तिथे मी छत्री ठेवतो. ऊन असलं तरी नेतो छत्री. — मावशी, त्या बारीक सुया द्या. नाही, त्याहून बारीक. आता मान अजिबात हलवू नका, दाढेच्या मुळातून जायचंय आपल्याला.

कुठे होतो? हां. ह्या रविवारी. सुटला सिनेमा, मी बाहेर आलो, तुम्ही माझ्या मागूनच आलात आणि सरळ निघून गेलात, आठवतंय? मी पायऱ्यांवर फोन लावला. मी एकदम फणफणत होतो, त्या माशाबद्दल काय काय बोलायचं ते सगळं तयार. म्हटलं, खारू, काय गं हा सिनेमा! आणि ती म्हणाली, छान होता ना बाबा? छान! आता हल्ली ती तसंच म्हणते, हं. पूर्वी भांडायची, हल्ली काही विचारलं की छान होता, मस्त होता, आणि मागे कुणाचे तरी आवाज असतात. असतील, थिएटरच्या बाहेर आवाज असणारच. मी म्हटलं, बाई गं, त्यात छान काय होतं एवढं सांग. तर म्हणाली, तो समुद्राचा सीन. ती पोरगी जिना उतरत जाते, उतरत जाते, पायऱ्या संपतात तिथे समुद्र. आणि समुद्र आडवा नाही, बाबा, उभा. भिंतीसारखा उभा. आणि ती त्याच्यावर असा तळहात ठेवते, आणि पाण्याच्या पलीकडून कुणीतरी तिच्या हाताला हात लावतं. आणि म्हणाली — आवाज जरा असा झाला तिचा — म्हणाली, ते बघताना मला तुझी आठवण आली.

आता मला सांगा — नाही, सांगू नका! — असा सीन होता का त्या सिनेमात?

मी काय म्हटलं असेल? हो हो, फार सुंदर, मलाही तोच आवडला. असं पटकन म्हणून मोकळा झालो. फोन ठेवला, आणि तिथेच पायऱ्यांवर बसलो. कारण मी समुद्र बघितलाच नव्हता हो! जिना नाही, समुद्र नाही, हात नाही. छत्र्या बघितल्या, मोजे बघितले, समुद्र कुठे? घरी येऊन मोबाइलवर त्या सिनेमाची जाहिरात शोधून काढली, आणि जाहिरातीत आहे समुद्र! एवढासा, डोळे मिटून उघडायच्या आत जातो, पण आहे. उभा. मग मात्र म्हटलं, म्हणजे पोरगी गेलीच नाही सिनेमाला. जाहिरात बघितली, आणि बापाला सांगितलं छान होता. आणि आज गेली नाही, तर मागच्या रविवारी गेली होती का? भाज्यांच्या सिनेमाला गेली होती का? मी इथे एकटा बसून आत्ता ती हसली असेल, आत्ता ती दचकली असेल — आणि ती तिकडे मैत्रिणींबरोबर कुठेतरी खिदळत असेल. असू दे हो, खिदळू दे, वयच आहे ते. पण मग मी कुणाबरोबर बघत होतो एवढे सिनेमे? छत्रीबरोबर?

मी काही तिकिटाचा फोटो मागणाऱ्यातला नाही. बाप आहे, तपासनीस नाही. इथे येतो तो प्रत्येक माणूस मला सांगतो, डॉक्टर, मी दोनदा ब्रश करतो. तुम्हीही म्हणालात मघाशी. मी मान डोलावतो. तोंड उघडलं की हिरड्या सगळं सांगतातच, आपण कशाला बोलून दाखवावं? पण फोनवर हिरड्या दिसत नाहीत हो. फोनवर नुसता आवाज येतो आणि आवाज म्हणतो, छान होता.

जाऊन परत का नाही बघितला, असंच विचारताय ना डोळ्यांनी? गेलो होतो. परवा दुपारी बाहेर पाटी लावली, डॉक्टर कामानिमित्त बाहेर, आणि गेलो. खिडकीपाशी उभा राहिलो. आतला माणूस म्हणाला, साहेब, हाच? परत? आणि माझा पाय पुढे होईना. आत गेलो आणि समुद्र नसला तर? काय करणार होतो बाहेर येऊन? तिला फोन करून ओरडणार होतो? तसाच फिरलो. काल पोस्टर उतरलं, दुसरं लागलं. सुटलो म्हटलं. आणि आज सकाळी दार उघडतं आणि तुम्ही येता, गाल सुजवून.

आता मावशी जरा बाहेर गेल्यात सिमेंट आणायला, तर एक सांगतो. मी मघापासून तुम्हाला सांगतोय ना, सबंध सिनेमा डोळ्यांत तेल घालून बघितला — तसं नाही. मला डोळा लागला होता. थोडासाच! म्हणजे मला वाटतं थोडासा. तो मासा भाषण करत होता, आणि मी डोळे मिटले ते नुसते त्या सुळ्याचा त्रास होत होता म्हणून, आणि मग एकदम तुम्ही खोकलात. तुमच्याच खोकल्याने जाग आली मला! उघडून बघतो तर मासा गायब, राणी गायब, ती पोरगी कुठल्याशा वाळूतून चालत येतेय, केस ओले. ओले! मी तेव्हा विचार केला नाही. बटणांच्या पावसाने केस ओले होतात का? होत नाहीत. मग कशाने झाले? म्हणजे मधे कुठेतरी पाणी होतं ना? की नुसतेच ओले दाखवले, त्या लोकांचा काही भरवसा नाही, सुळा मधोमध लावणारी माणसं ती! आणि मी किती झोपलो होतो? एक सीन? चार सीन? हे जगात एकाच माणसाला माहीत आहे. त्या थिएटरात दुसरं होतं कोण? तुम्ही जागे होतात, झोपेत कुणी असं खोकत नाही —

मान हलवू नका! अहो, मुळात सुई आहे! हलवू नका म्हणतो ना. डोळेही मिटा बरं. मिटा. हं.

कसंय, समुद्र असला, तर पोरगी गेली होती. बसली होती तिकडे अंधारात, आणि समुद्र आला, आणि तिला माझी आठवण आली — आणि मी इकडे घोरत होतो. आणि वर तिला म्हटलं, मलाही तोच आवडला. म्हणजे खोटा मी. आणि समुद्र नसला, तर खोटी ती. आमच्या दोघांपैकी एक जण रविवारी एकटाच होता, एवढं नक्की. मी होतो की ती होती, एवढंच काय ते कळायचंय. खरं सांगू? मीच झोपलेलो असलो तर बरं. माझी काय ती इज्जत जाऊ दे. म्हातारा बाप, सिनेमात पेंगला, हसेल ती, चिडेल, चार दिवस बोलणार नाही. चालेल. पण दुसरं काही असलं तर — एकटं वाटतं हो. म्हणजे दिवसभर माणसं असतात, तोंडंच तोंडं, पण एकालाही उत्तर देता येत नाही, मीच तशी व्यवस्था करून ठेवलेली असते. आठवड्यातून एकदा कुणीतरी उलट बोलतं माझ्याशी. तेवढंच आहे माझ्याकडे. ते तेवढं खोटं निघालं तर बाकीचे दिवस कशाला ढकलायचे?

आणि अजून एक आहे, तेही कालपासून डोक्यात बसलंय. ती जाहिरात मी इतक्या वेळा बघितली, पाठ झाली मला. तिच्यात समुद्र आहे. पण हात नाही. पलीकडून कुणी हात लावत नाही जाहिरातीत. समजा ती गेली नाही. समजा सिनेमात काही नाहीच. मग तो हात तिने आणला कुठून? बसल्या बसल्या रचला? माझ्यासाठी? एवढं सुचलं असेल पोरीला? त्या सिनेमावाल्यांना सुचलं नाही ते? — ह्यावर मात्र मला काय वाटून घ्यावं तेच कळत नाही. मघापासून हात चालतोय खरा, पण मन काही जाग्यावर नाही. काळजी करू नका, दाढ बरोबर चाललीये, हे हात झोपेतसुद्धा चुकत नाहीत. — आलात का मावशी? द्या इकडे. नाही, काही नाही, सिनेमाबद्दल बोलत होतो. ह्यांनाही आवडला नाही.

झालं. पडदा काढतो. जबडा आखडला असेल, मिटा सावकाश. आता हा निळा कागद, ह्याच्यावर चावा. चावा. करकर घासा इकडून तिकडे. उंच लागतंय? — नाही नाही नाही, बोलू नका! बोट दाखवा नुसतं. बोलू नका म्हटलं ना, अर्धी जीभ बधिर आहे, दातांखाली आली तर कळायचंसुद्धा नाही तुम्हाला, रक्त निघेल. अहो, काय ते तुमच्या डोळ्यांत दिसतंय मला, तुम्ही भले गृहस्थ आहात, तुम्हाला सांगायचंय. मघापासून सांगायचंय. पण मला नको. मी विचारलं, चूक झाली, एकदा विचारून टाकल्यावर जरा हलकं वाटलं, तेवढ्यात भागलं माझं. होता समुद्र. मी ठरवलंय. उभा होता, भिंतीसारखा, आणि मी झोपलो होतो. आता तुम्ही हो म्हणालात तरी तेच आणि नाही म्हणालात तरी — नाही म्हणू नका.

उठा. हळू, चक्कर येईल. भूल उतरेपर्यंत काही खाऊ नका, गरम तर मुळीच नाही, आणि त्या बाजूने चावू नका. दाढ पुरी व्हायला अजून एकदा यावं लागेल, मावशी सांगतील कधी ते. तुमची छत्री — नाही, ती माझी, ती राहू दे. बाहेर लोक खोळंबलेत, मावशी, पुढच्यांना घ्या आत. आणि हे बघा, दारापाशी थांबू नका, एवढंच सांगतो आणि संपलं: तिने कालच कळवलंय पुढच्या रविवारचं, त्याच थिएटरला आहे, कुठल्या तरी पक्ष्यांचा सिनेमा. तुम्ही तसेही येताच एकटे. माझ्या पुढेच बसा. आणि ह्या वेळी जरा लवकर खोका.